पुण्यातून पहिल्यांदा कॅम्पर ट्रेलर घेऊन निघताना

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ताम्हिणीतून परत आलो, ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची आमची चाकांवरची मुक्कामाची खोली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावला आणि दसऱ्यापर्यंत त्याचं दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा ओल्या पोत्यासारखा वास आला. गादी उचलून पलंगाखालच्या कोपऱ्यातल्या प्लायवर अंगठा दाबला, तर चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा तो आत गेला. मिस्त्रींनी पेचकस घेऊन दोन-तीन जागी टोचून बघितलं आणि म्हणाले, "दादा, हे खालून नाही आलं. वरची पट्टी बघा." छताच्या कडेच्या ॲल्युमिनियम पट्टीखाली केसाएवढी फट होती. पाणी तिथून शिरलं, भिंतीच्या आतल्या आत उतरलं आणि चार महिने कोपऱ्यात साचत राहिलं. मागची जवळजवळ अर्धी भिंत बदलावी लागली.

म्हणून नव्यानं ट्रेलर घेणाऱ्यांना मी आधी दोन हिशेब शिकायला सांगतो. एक, वजन किती आणि ते कुठे आहे. दुसरा, पाणी कुठून आत येतं आणि कुठून बाहेर जातं. पडदे, दिव्यांच्या माळा, बाहेर ताणायची कापडी चांदणी हे सगळं त्यानंतर.

आधी गाडीचं पुस्तक उघडा

ट्रेलर बघायला जाण्याआधी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता बघा. बहुतेकदा दोन आकडे असतात: ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक, बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी दुसरा, आणि हा दुसरा बराच कमी असतो. काही गाड्यांच्या पुस्तकात ओढायची परवानगीच नसते. मग तिथेच थांबायचं, ओळखीचा मेकॅनिक काहीही म्हणो. परवानगी असली तरी नवशिक्यानं पूर्ण भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावा.

टो हुक, म्हणजे ट्रेलर ज्याला अडकतो तो गाडीमागचा हुक, गाडीच्या चॅसीला बोल्टनं बसवलेला हवा. बंपरच्या पट्टीला वेल्डिंग करून देणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, म्हणजे नोंदणी, नंबर प्लेट आणि विमा आला. घरच्या घरी चॅसी जोडून त्यावर खोकं बसवलं तर ते आरटीओत उभं करणं अवघड जातं. नोंदणी करून देणाऱ्याकडूनच घ्या, आणि आपल्या गाडीच्या विमा कंपनीला ट्रेलर ओढणार असल्याचं लेखी कळवा.

जुना ट्रेलर घेत असाल तर पावसाळ्यात बघायला जा. रंग, गाद्या, स्टिकर यांकडे लक्ष देऊ नका. कपाटांच्या आतले वरचे कोपरे, खिडक्यांच्या खालची कड, पलंगाखालचे कोपरे, सगळीकडे अंगठा दाबत फिरा. नवीन वॉलपेपर फक्त एकाच कोपऱ्यात लावलेला दिसला तर तो का लावला, हे विचारा.

सजवताना प्रत्येक फळी तोला

आपल्याकडचा सुतार घरातल्या कपाटासाठी सवयीनं १८ मिलिमीटरचा प्लाय काढतो. आठ बाय चारची अशी एक शीट तीस-पस्तीस किलो भरते. दोन शीटमध्येच एक मोठा माणूस चढला म्हणायचा. ट्रेलरमधल्या कपाटांना ६ किंवा ९ मिलिमीटर प्लाय आणि ॲल्युमिनियमचे कोन पुरतात. जिथे माणूस बसणार किंवा झोपणार तिथेच १२ मिलिमीटर. प्लाय बीडब्ल्यूपी दर्जाचा, म्हणजे ज्याला सगळे मरीन प्लाय म्हणतात तो घ्या, आणि कापलेली प्रत्येक कड बसवण्याआधी रंगानं किंवा वॉर्निशनं बंद करा. पाणी प्लायच्या सपाट बाजूवरून कमी आणि कडेतून जास्त शिरतं.

सामानासाठी एक शनिवार पेठांना द्या. प्लाय भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये, वायर-फ्यूज-स्विच तपकीर गल्लीत, बिजागऱ्या आणि कड्या बोहरी आळीत, बेअरिंग आणि दिवे नाना पेठेत. कपाटांना दाबून उघडणाऱ्या कड्या घ्या. घरच्या कपाटांची चुंबकं पहिल्याच खड्ड्यात दार सोडतात.

सगळं बसवून झाल्यावर, पाणी, भांडी, अंथरुणं भरून ट्रेलर एकदा वजनकाट्यावर न्या. मार्केट यार्डाच्या बाजूला किंवा चाकण, भोसरीच्या औद्योगिक भागात काटे सापडतात. थोड्या पैशांत पावती मिळते, ती गाडीत ठेवा. आपला अंदाज आणि काटा यांत शंभर किलोंचा फरक सहज पडतो.

वजन किती, यापेक्षा ते कुठे

कात्रजचा नवा बोगदा ओलांडून खेड शिवापूरकडे उतरताना माझ्या ट्रेलरनं एकदा शेपूट हलवायला सुरुवात केली. मागच्या रॅकवर दोन सायकली, मागच्याच डिकीत पाण्याचे दोन कॅन, आणि पुढची पेटी रिकामी. आधी आरशात हलकी डुलकी दिसली, मग गाडीचा मागचा भाग डावी-उजवीकडे ओढला जायला लागला. पाय ब्रेकवर जायला निघाला होता. बायको शेजारून म्हणाली, "काही करू नको, नुसता वेग सोड." तसंच केलं, स्टीअरिंग सरळ धरलं, आणि ट्रेलर हळूहळू शांत झाला. तो प्रसंग अजून हातात आहे.

असं झालं तर हेच करायचं: ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं, उलट वळवून दुरुस्त करायला जायचं नाही, जोरात ब्रेक मारायचा नाही. वेग वाढवून ट्रेलर ताणून सरळ करावा, असं सांगणारे भेटतील. उतारावर ते करू नका.

पण मुळात होऊच नये म्हणून जड सामान जमिनीलगत आणि चाकांच्या वर किंवा जरा पुढे ठेवा. वरच्या कपाटांत कपडे आणि पापड-कुरडया, बस. मागच्या टोकाला जड काहीही नाही. मग ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे हुकवर, किती भार येतो ते मोजा. सपाट जमिनीवर चाकांना ठोकळे लावा, कपलरच्या, म्हणजे हुकवर बसणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या, खाली घरचा वजनकाटा ठेवा, त्यावर हुकच्या उंचीइतका लाकडाचा तुकडा उभा करा आणि पुढचं लहान चाक वर घेऊन सगळा भार लाकडावर येऊ द्या. भरलेल्या वजनाच्या साधारण सात ते दहा टक्के आकडा यायला हवा. ट्रेलर ७०० किलोंचा असेल तर ५० ते ७० किलो. हुकवर आणि गाडीच्या पुस्तकात जी कमाल मर्यादा लिहिली असेल ती मात्र ओलांडायची नाही. आकडा कमी आला तर सामान पुढे, जास्त आला तर मागे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि मी ते दर सहलीआधी करतो.

छत आणि फटी

वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि ऑक्टोबरमध्ये, शिडी लावून छत बघा. छतावर गुडघा टेकू नका. आडवी फळी टाकून भार वाटून घ्या. कडेच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी, हवेच्या झाकणाची कड, सौर पॅनलचे पाय आणि छतातून वायर आत शिरते ते भोक, या पाच जागा. माझ्या अनुभवात गळती या पाचांतूनच होते.

फटी बुजवणाऱ्या सीलंटला भेग दिसली की तिच्यावरून नवा थर फासायची इच्छा होते. ते टिकत नाही. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून काढा, जागा स्पिरिटनं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग नवं लावा. पट्ट्यांच्या खाली ब्यूटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट, ही जोडी चांगली. बाथरूमच्या टाइल्सना लावतात ते सिलिकॉन इथे नको. एकदा लावलं की त्याचा थर निघता निघत नाही आणि त्यावर दुसरं काही चिकटत नाही. माझ्या ट्रेलरला मूळ कारागिरानं तेच लावलं होतं.

नंतर परीक्षा घ्या. एकानं बाहेरून बागेच्या पाइपनं साधी धार सोडायची, खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसायचं. खालून वर जाण्याचं कारण असं, की पाणी आत दिसलं त्या क्षणी फट कुठल्या उंचीवर आहे ते कळतं. उलट वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. प्रेशर वॉशर वापरू नका, तो चांगल्या सीलमध्येही पाणी घुसवतो.

वीज: आधी कागदावर

१२ व्होल्टची १०० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे १२०० वॉट-अवर. इन्व्हर्टरची असते तशी लेड-ॲसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर तिचं आयुष्य लवकर संपतं. म्हणजे हातात ६०० वॉट-अवर. आता खर्च मांडा. पाच वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास, शंभर. पंचवीस वॉटचा पंखा नऊ तास, सव्वादोनशे. फोन आणि पाण्याचा पंप मिळून साठ-सत्तर. चारशेच्या आसपास झाले, एक रात्र आरामात निघते. यात कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज घातला, पंचेचाळीस वॉटचा, आणि तो दिवसातला निम्मा वेळ चालला, तर एकट्याचे साडेपाचशे होतात. म्हणून पहिल्या वर्षी फ्रिज घेऊ नका. चांगला आइसबॉक्स आणि बर्फाची लादी दोन दिवस दूध-भाजी सांभाळते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर जवळजवळ सगळी क्षमता वापरता येते आणि वजनही निम्म्याहून कमी. मात्र तिला तिचाच चार्जर लागतो.

१०० वॉटचं सौर पॅनल हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी साधारण ४०० वॉट-अवर देतं, म्हणजे वरचा हिशेब बरोबर जुळतो. झाडाखाली लावलं तर जुळत नाही. एका कोपऱ्यावर पडलेली फांदीची सावलीसुद्धा खूप खाते.

इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरवर चालवू, असं बरेच जण ठरवतात. २००० वॉटची शेगडी १२ व्होल्टवर १६० अँपिअरच्या वर खेचते. तेवढ्या वायरी, तेवढी बॅटरी आणि तेवढी उष्णता लहान ट्रेलरला झेपत नाही.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात बसवा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. फ्यूज उडाला म्हणून मोठा टाकू नका.

मागच्या दिव्यांबद्दल एक खूण सांगून ठेवतो. इंडिकेटर दिला की ब्रेकलाइटही लुकलुकतो किंवा सगळे दिवे मंद होतात, तेव्हा बल्ब बदलत बसू नका. बहुतेकदा अर्थिंगची वायर गंजलेली असते. ट्रेलरचे दिवे गाडीला जोडणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटमधली पांढरी वायर आणि ती चॅसीला जिथे जोडली आहे तो नट घासून साफ करा.

गॅस

स्वयंपाक बाहेर, चांदणीखाली करा. आपली हवा वर्षातले आठ महिने त्याला साथ देते. सिलिंडर आत ठेवायचाच असेल तर बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याच्या तळाला हवा जायला भोक हवं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. नळी आयएसआय मार्कची, पाच वर्षांनी बदलायची. जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. दारालगत दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक, काटा हिरव्यात आहे ना ते बघून.

आणि थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी आत घेऊन झोपायचं नाही. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड येतो आणि त्याला वास नसतो. बॅटरीवरचा त्याचा अलार्म मिळतो, तो उशाशी लावा.

पाणी आणि सांडपाणी

एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे साठ लिटरची टाकी घरून भरून न्यायची गरज नाही. पिण्यापुरतं वीस लिटर सोबत, बाकीचं मुक्कामाच्या गावात घ्या. टाकी चाकांच्या जवळ बसवा. वर्षातून दोनदा थोडं ब्लीच मिसळलेलं पाणी रात्रभर ठेवून दोनदा खळखळून धुवा. सहलीवरून आल्यावर टाकी आणि पाइप पूर्ण रिकामे करून झाकण उघडं ठेवा.

सांडपाण्याबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही धरणं पुण्याला पाणी पाजतात, पवना पिंपरी-चिंचवडला. आपल्या सर्वात आवडत्या मुक्कामाच्या जागा याच पाण्याच्या काठावर आहेत. भांड्यांचं साबणपाणी तिथे सोडलं तर ते आपल्याच नळाकडे निघतं. सिंकखाली वीस लिटरचा झाकणाचा कॅन लावा आणि तो घरी आणून ओता. सुट्या शौचालयाची टाकी फक्त घरच्या संडासातच रिकामी करायची. तळ्यात नाही, ओढ्यात नाही, झुडपामागेही नाही.

चाकं, ब्रेक आणि रिव्हर्स

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ते धावतात कमी आणि उभे जास्त राहतात. कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली दिसो, बदला. हवा थंड टायरमध्ये मोजा. चाक काढून बसवलं असेल तर पन्नास-साठ किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा.

बेअरिंग वर्षातून एकदा धुवून नवं ग्रीस. रस्त्यात पहिल्या चहाला थांबलात की खाली उतरून दोन्ही चाकांच्या मध्यभागाजवळ हाताचा मागचा भाग न्या. दोन्हीकडे सारखंच कोमट असेल तर चहा प्या. एक बाजू चटका देत असेल तर बेअरिंग तरी गेलंय किंवा ब्रेक तरी चिकटलाय. तसंच पुढे जाऊ नका.

घाटात ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पसरणी घाटात उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवून येणाऱ्या गाड्यांचा वास लांबून येतो. वळणावर ट्रेलर आतल्या बाजूनं कापतो, म्हणून वळण जरा बाहेरून घ्या. ट्रेलरची उंची चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. गावातल्या लोंबत्या वायरी आणि वडाच्या फांद्यांपुढे ती आठवत बसायला वेळ नसतो.

रिव्हर्स मैदानावर शिका, मुक्कामावर नको. रविवारी सकाळी साडेसहाला एखादं मोकळं मैदान आणि चार रिकाम्या बादल्या पुरतात. हात स्टीअरिंगच्या खालच्या भागावर, सहाच्या आकड्यावर ठेवा. ट्रेलरची शेपटी उजवीकडे न्यायची तर हात उजवीकडे, डावीकडे न्यायची तर डावीकडे. इंचभरच हलवा आणि थांबून बघा. कोन फार झाला की पुढे जाऊन सरळ करा, त्यात काही कमीपणा नाही. मागे उभ्या असलेल्या माणसानं आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं. तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. आमच्याकडे हे काम लेकीकडे आहे आणि ती फार काटेकोर आहे.

मुक्कामावर पोचल्यावर

क्रम बदलायचा नाही. आधी ट्रेलर डावी-उजवीकडे सपाट करा: खोलगट बाजूच्या चाकाखाली फळी ठेवून गाडीनंच त्यावर चढवा, आणि दाराच्या उंबऱ्यावर पाणसळ ठेवून बघा. मग चाकांना दोन्हीकडून ठोकळे. मग ट्रेलरचा हँडब्रेक. त्यानंतरच कपलर सोडायचा. पुढे-मागे लेव्हल लहान चाकानं. सर्वात शेवटी चार कोपऱ्यांचे पाय टेकवा. ते ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, त्यांच्यावर तो उचलायचा नसतो.

निघताना उलटा क्रम, आणि कपलर बसल्यावर लहान चाकानं ट्रेलरचं नाक वर उचलून बघा. गाडीचा मागचा भागही सोबत उचलला गेला तर जोड पक्का. सुरक्षा साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे तो कधी सुटलाच तर नाक साखळ्यांच्या झोळीत पडतं.

जागेची परवानगी आधी फोनवर घ्या. राज्याचं कारवान पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण प्रत्येक ठिकाणी ट्रेलर वळवायला जागा आणि वीज जोडायला सोय असेलच असं नाही. कृषी पर्यटन केंद्रं पहिल्या मुक्कामाला चांगली: अंगण मोठं, विहीर जवळ, आणि काही अडलं तर हाताशी माणसं.

पावसाळ्याआधी

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाद्या, उशा, धान्य, काड्यापेट्या सगळं घरात आणा. बिस्किटाचा चुराही राहू देऊ नका. उंदीर चुऱ्यासाठी येतात आणि वायरी कुरतडून जातात. ट्रेलरच्या तळातून वायर किंवा पाइप वर येतो ती भोकं बारीक लोखंडी जाळीनं बंद करा. टायर पूर्ण फुगवा आणि चाकं फळ्यांवर घ्या. हँडब्रेक ओढून ठेवू नका, चार महिन्यांत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात, ठोकळे पुरेत. नाक जरा वर ठेवा म्हणजे छतावरचं पाणी मागे वाहून जाईल.

ताडपत्री थेट छतावर टाकू नका. तिच्याखाली वाफ कोंडते आणि उन्हापेक्षा जास्त नुकसान करते. पाइपची चौकट करून हातभर वर ताणा, बाजू मोकळ्या ठेवा. आतली सगळी कपाटं उघडी, ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे दोन कोपऱ्यांत, बॅटरी काढून घरी आणि महिन्यातून एकदा चार्ज.

आणि दर पंधरा दिवसांनी, शक्यतो मोठी सर येऊन गेल्यावर, टॉर्च घेऊन आत जा. आधी दारातच उभं राहून वास घ्या. मग पलंगाखालचे चारही कोपरे, अंगठ्यानं. गणपती उठले आणि ऊन कडक व्हायला लागलं की दारं-खिडक्या सताड उघडून दोन दिवस वाळू द्या, मगच गाद्या परत ठेवा, आणि पहिला मुक्काम घरापासून तासाभराच्या अंतरावरच करा.